गंगथडीचे काळे दगड

गंगाखेड मागे टाकून दक्षिणेकडे निघालं की गोदाकाठची काळी सपाट रानं हळूहळू संपत येतात आणि बालाघाटाचे उंचवटे दिसू लागतात. राणीसावरगाव याच बाजूचं. परभणी जिल्ह्याबाहेर हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते रेणुकादेवीमुळे ठाऊक आहे. नवरात्रात इथे पंचक्रोशी लोटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत डोंगरउतारांवरची सीताफळं डोळे उघडू लागतात.

सीताफळाला आपण इतकं घरचं मानलं की सीतेचं नाव दिलं, जोडीला रामफळ बसवलं आणि वनवासातल्या गोष्टीही रचल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र या झाडाचं माहेर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात सांगतात. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आलं, कोकण ओलांडून घाटावर चढलं आणि मुरमाड, तहानलेल्या जमिनीत असं रुजलं की आज बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. मका, मिरची, पेरू, पपई, चिकू ही सगळी त्याच बाजूची मंडळी. चिकूचं एक मुद्दाम सांगतो. ग्वाटेमालात तिकाल नावाचं माया लोकांचं जुनं नगर आहे. तिथल्या उत्तुंग देवळांच्या दारांवर ज्या लाकडी तुळया टाकल्यात, त्या चिकूच्या जातीच्या लाकडाच्या आहेत. बाराशे वर्षं उलटून गेली, तरी त्यांतल्या काही अजून जागच्या हललेल्या नाहीत.

तिकाल, कोपान, पालेंके, चिचेन इत्झा ही नावं आता आपल्याकडच्या सहलकंपन्यांच्या पत्रकांवरही दिसतात. लोक अर्धी पृथ्वी ओलांडून ती नगरं बघायला जातात आणि जावीतच. पण राणीसावरगावापासून पश्चिमेला अंबाजोगाई, पूर्वेला कंधार, उत्तरेला गोदावरी आणि गोदावरीपल्याड जिंतूर-चारठाणा, एवढ्या टापूत उभे असलेले दगड त्या नगरांच्या उत्तरकाळाचे समवयस्क आहेत. ते बघायला कोण जातं? परभणीची माणसंसुद्धा फारशी नाहीत.

पुढे जाण्याआधी एक भ्रम दूर करू. माया म्हणजे आपला मयासुर, असं सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. भिक्षू चमनलाल यांनी 1940 साली ‘हिंदू अमेरिका’ नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून या कल्पनेला बरं खतपाणी मिळालं. शब्द सारखा वाटला की नातं जोडायचं, हा आपला जुना छंद आहे. मायांचा आपल्याशी रक्ताचा, धर्माचा किंवा व्यापाराचा कसलाही संबंध नव्हता. संबंध नव्हता म्हणूनच दोघांची तुलना करण्यात मौज आहे. एकमेकांची गंधवार्ता नसलेली दोन माणसं एकच गणित कशी सोडवतात, ते त्यातून दिसतं.

मायांच्या दक्षिणेकडच्या नगरांनी दगडावर तारखा कोरण्याचा नाद शतकानुशतकं जपला होता. राजा गादीवर बसला, लढाई झाली, काळाचं एक आवर्तन पुरं झालं की उभा दगड कोरायचा. आठव्या शतकानंतर हे दगड कमी होत गेले. कोपानमध्ये शेवटची तारीख 822 सालची, तिकालमध्ये 869 ची. त्यांच्या दीर्घ कालगणनेतली अगदी शेवटची कोरीव तारीख टोनिना इथल्या दगडावर आहे, ती 909 ची. त्यानंतर दक्षिणेकडचे राजे मुके झाले आणि त्यांच्या नगरांवर जंगल चढलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, 939 साली, इकडे राष्ट्रकूटांच्या गादीवर तिसरा कृष्ण बसला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड. पण राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे घराण्याच्या अभिमानाचं मूळ आपल्याच बालाघाटात. कृष्णाने 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांना धूळ चारली, हे शालेय पुस्तकांत असतं. कंधारला मिळालेल्या त्याच्या काळातल्या शिलालेखात मात्र वेगळाच कृष्णकाळ दिसतो. त्यात देवळांना दिलेली दानं आहेत आणि ‘जगत्तुंगसमुद्र’ नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. समुद्र! मराठवाड्यात पाणी अडवून केलेल्या तलावाला राजा समुद्र म्हणतो. ज्याने हा मुलूख उन्हाळ्यात पाहिला आहे, त्याला या शब्दात अतिशयोक्ती वाटणार नाही. कंधारला एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष सापडले. केवढी मूर्ती असेल, याचा अंदाज तिच्या नुसत्या पावलावरून बांधावा लागतो.

राष्ट्रकूट गेले, 973 मध्ये कल्याणीचे चालुक्य आले. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची सत्ता ढासळली आणि भिल्लम यादवाने देवगिरीला स्वतंत्र गादी मांडली. या तीन घराण्यांच्या उलाढालीत गोदावरीचं खोरं कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे गेलं. देवळं बांधणारे पाथरवट मात्र बहुधा तेच राहिले असावेत. कारण राजवट बदलली म्हणून छिन्नीचा हात बदललेला दिसत नाही. होट्टल, औंढा, चारठाणा, धारासूर यांची देवळं एकामागून एक बघितली तर ती एकाच कुळातली बहीणभावंडं वाटतात.

यातलं धारासूर गंगाखेड तालुक्यातच आहे, गोदावरीच्या काठावर. इथलं गुप्तेश्वराचं देऊळ पहिल्यांदा पाहणाऱ्याची एक गंमत होते. भिंत सरळ कुठेच जात नाही. कोन आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. ऊन सरकतं तशी सावलीची पट्टी कोनाकोनांतून फिरत राहते आणि त्या पट्टीत कधी एखादी सुरसुंदरी उजळते, कधी अंधारते. तारकाकृती तलविन्यास, असं याला पुस्तकात म्हणतात. गाभाऱ्यात महादेव आहे, पण बाहेरच्या भिंतींवर विष्णूची रूपं आहेत. त्यामुळे देऊळ मुळात विष्णूचं असावं, असं अभ्यासक सांगतात. गावाला याचं काही वाटत नाही. देव बदलला तरी दिवा लागल्याशी कारण.

अशा देवळांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा महादेव यादव आणि रामचंद्र यादव यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे कारभाराचा मुख्य लेखाधिकारी. त्याची कारकीर्द तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याच्या जन्माच्या शंभर-दीडशे वर्षं आधी उभी राहिलेली देवळंही लोकांनी त्याच्याच नावावर घातली. काळा दगड आणि चुना नाही, एवढं दिसलं की हेमाडपंती. कारकुनाच्या नावाने स्थापत्यशैली ओळखणारा आपला महाराष्ट्र बहुधा एकमेव मुलूख असेल.

चुना नाही, हे मात्र खरं, आणि इथेच मायांची आठवण येते. आपला दगड बेसाल्ट, लाव्हाचा, घणाला दाद न देणारा. तो असा तासायचा की एकाची खोबण दुसऱ्याच्या कुसात बसावी आणि वजनानेच सांधा घट्ट व्हावा. मायांचा दगड चुनखडीचा. ते तोच भाजून चुना करत, त्यात दगड बसवत आणि वरून गिलावा देऊन लाल रंग फासत. साहित्य आणि कौशल्य दोन्ही वेगळं. पण छताचा प्रश्न दोघांनी एकाच युक्तीने सोडवला. खरी कमान दोघांनीही बांधली नाही. दोन बाजूंच्या भिंतींवरून दगडाचे थर थोडेथोडे पुढे सरकवत आणायचे आणि मधली फट अरुंद झाली की वर शिळा टाकायची. चिचेन इत्झातल्या अरुंद दालनात उभं राहून वर बघा, नाहीतर औंढ्याच्या मंडपात उभं राहून वर बघा, थरावर थर आत झुकत आलेले दिसतील. आपल्या पाथरवटांनी चौकोनावर तिरपा चौकोन फिरवत नेला आणि शेवटी दगडाचं कमळ लटकवलं, हा त्यांचा जास्तीचा नखरा. कमान दोन्हीकडे नंतर आली, आणि दोन्हीकडे नव्या राज्यकर्त्यांबरोबर आली. आपल्याकडे सुलतानांबरोबर, तिकडे स्पॅनिशांबरोबर.

या काळातल्या माणसांपर्यंत पोचायचं असेल तर अंबाजोगाईला जावं लागतं. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर मूळचा इथला. तो जातीने ब्राह्मण, पेशाने लढवय्या. विदर्भापासून गुजरातपर्यंत त्याने सिंघणाचा झेंडा नेला. अमरावती जिल्ह्यातल्या खोलापूरला त्याचंच नाव आहे. जिंकलेल्या पैशातून त्याने अग्रहारं दिली, देवळं बांधली. त्याचा मुलगा राम बापाच्या मागे सेनापती झाला आणि गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. अंबाजोगाईत शके 1162 चा, म्हणजे 1240 सालचा एक शिलालेख आहे. त्यात या लढाया आहेत, घराण्याची थोरवी आहे. पण लेख कोरवून घेतलाय तो खोलेश्वराच्या मुलीने. तिचं नाव लक्ष्मी. भाऊ परत आला नाही, म्हणून तिने त्याच्या नावाने रामनारायणाचं देऊळ बांधलं.

मराठवाड्यातल्या शेकडो कोरीव दगडांमध्ये हा एक दगड मला सगळ्यांत जवळचा वाटतो. राजांचे लेख भूमिदानाचे, सीमांचे, शापांचे असतात. दान मोडेल त्याला गाढवाचा शाप, अशी शिळा तर वेगळीच कोरलेली असते. तिला गधेगाळ म्हणतात. लक्ष्मीच्या लेखाच्या मुळाशी दान नाही, राखी बांधायला हात उरला नाही हे दुःख आहे. (राखी तेव्हा होती का, असं कुणी विचारेल. त्याने या वाक्यापुरतं मला माफ करावं.) बाईने पैसा आपल्या हाताने खर्च केला, देव स्वतः निवडला आणि भावाचं नाव त्या देवाच्या नावात गुंफलं. आठशे वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यातली बाई कशी होती, असा प्रश्न पडला तर उत्तराची एक ओळ इथे आहे. दुसरी गंगाखेडला आहे, तिच्याकडे आपण येऊच.

देऊळ दिसतं, म्हणून त्याची चर्चा होते. बारव जमिनीखाली असते, म्हणून ती राहून जाते. खरं तर या मुलखात माणसं टिकली ती बारवांमुळे. बेसाल्टच्या खडकात पाणी सगळीकडे सारखं नसतं. भेगाळलेल्या, झिजलेल्या थरात ते साठतं, त्याच्या खाली घट्ट कातळ लागतो. जुन्या माणसांनी तो थर हेरला, तिथपर्यंत खणलं, चारही बाजूंनी दगड बांधला आणि पायऱ्या केल्या. पाणी कितीही खाली गेलं तरी बाईला घागर घेऊन पाण्यापर्यंत उतरता यावं. रहाट नको, दोर नको. पायऱ्यांच्या बाजूला देवकोष्ठ, त्यात कधी गणपती, कधी शेषशायी. पाणी आणि देव एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे पाण्यात कुणी घाण करत नसे, ही व्यवस्था कुठल्याही पाटीपेक्षा चांगली होती.

परभणी जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव पायऱ्यांच्या रचनेसाठी पाहावी. तिथल्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात, शंखाच्या पोटात उतरावं तशा. पिंगळीची बारव परभणीच्या जवळच आहे. चारठाण्यात तर तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ विहिरी होत्या, असं गाव सांगतं. आकडा वर्षाच्या दिवसांवरून बेतलेला आहे, हे उघड आहे. पण गोकुळेश्वराच्या परिसरातला बांधीव कुंड आणि गावभर विखुरलेले खांब, शिळा पाहिल्या की आकडा खोटा असला तरी त्यामागची आठवण खोटी नाही, याची खात्री पटते.

युकातानच्या उत्तरेला मायांपुढेही हाच पेच होता. तिथे पाऊस पडतो तो चुनखडीतून थेट खाली झिरपतो, वर नदी म्हणून नाही. जमीन खचून जिथे भुयारातलं पाणी उघडं पडलं, त्या खोल डोहांना ते ‘सेनोते’ म्हणतात. चिचेन इत्झा अशाच डोहांच्या काठावर वसलं. जिथे डोह नव्हते, तिथे त्यांनी खडकात बाटलीच्या आकाराच्या टाक्या खोदल्या, आतून गिलावा केला आणि पावसाचं पाणी भरून ठेवलं. पावसाच्या देवाला, चाकला, त्यांनी भिंतींच्या कोपऱ्यांवर लांब नाकाचा मुखवटा देऊन बसवला. नगरं ओस पडण्याच्या कारणांत अनेक अभ्यासक वर्षानुवर्षं चाललेले दुष्काळ पुढे ठेवतात. मराठवाड्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

इथे आणखी एक जोडी लावून ठेवतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदाकाठाने हिंडले. त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या लीळा लिहून काढल्या आणि पुढे ‘स्थानपोथी’ही रचली. स्वामी कुठे राहिले, कुठल्या देवळात बसले, ते देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून होतं, दार कुठे, मठ कुठे, झाड कुठे, याची ती बारकाईने केलेली नोंद आहे. माझ्या लेखी मराठीतलं हे पहिलं प्रवासमार्गदर्शक पुस्तक. भक्ताला नेमक्या त्या ओट्याला नमस्कार करता यावा, एवढ्याचसाठी ते लिहिलं, आणि त्यामुळे यादवकाळातल्या गावांचे नकाशे आपल्याला मिळाले. स्वामींच्या पंथाने, महानुभावांनी, आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या. त्यामुळे त्या शतकानुशतकं परक्यांच्या डोळ्यांआड राहिल्या आणि वाचल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली. मायांच्या पोथ्यांचं नशीब वाईट निघालं. 1562 साली मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने त्या चव्हाट्यावर जाळल्या. आज जगात मायांच्या चार पोथ्या शिल्लक आहेत. त्यांची अक्षरं कशी वाचायची, याचा धागा रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांना 1952 मध्ये सापडला, आणि तेव्हा कुठे दगडांवरचे राजे पुन्हा बोलू लागले.

आपल्याकडचा शेवट झटपट झाला. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर येऊन धडकला तेव्हा युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. रामचंद्राने खंडणी देऊन वेळ निभावली. 1307 मध्ये मलिक काफूरने त्याला पकडून दिल्लीला नेलं, सुलतानाने मान देऊन परत पाठवलं. 1311 मध्ये तो वारला. दोनच वर्षांनी शंकरदेव लढाईत पडला. 1318 मध्ये रामचंद्राचा जावई हरपाळदेव याचे हाल करून त्याला मारलं आणि यादवांचं राज्य पुसलं गेलं. एकवीस-बावीस वर्षांचा हिशेब.

गोदाकाठी याचा अर्थ काय झाला? लढाई देवगिरीच्या पायथ्याशी झाली, इथे नाही. काही देवळं फोडली गेली, हे खरं. पण देवळाचं खरं आयुष्य त्याच्या मागच्या जमिनीवर चालतं. अमुक शेताचं उत्पन्न दिव्याच्या तेलाला, तमुक गावाचा सारा डागडुजीला, अशी ती घडी असते. दान देणारे सामंत गेले, दान पाळणारे राजे गेले. पाथरवटांना काम देणारं कुणी उरलं नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, बारा वर्षांचा म्हणून तो स्मरणात राहिला. एवढ्या दीर्घ ओढीत पायवाटासुद्धा बुजतात, तिथे बारवांतला गाळ कोण काढणार?

याच संधिकाळातली संत जनाबाई. गंगाखेडची, दमा आणि करुंड यांची मुलगी. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींच्या घरी कामाला राहिली आणि नामदेवांच्या घरात तिने आयुष्य काढलं. परंपरेप्रमाणे 1350 मध्ये, नामदेवांच्याच वर्षी, ती गेली. अंबाजोगाईच्या लक्ष्मीकडे सेनापतीच्या घरचा पैसा होता, तिने दगड कोरवून घेतला. जनाबाईकडे जातं होतं. दोघींमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचं आणि जेमतेम दोन दिवसांच्या चालीचं अंतर. लक्ष्मीचा लेख आज संशोधकाला वाचावा लागतो. जनाबाईचे अभंग दळण थांबलं, गिरण्या आल्या, तरी बायकांच्या तोंडी आहेत. मी याची स्पर्धा लावत नाही. पण यादवांचं राज्य बुडाल्यावर गोदाकाठची प्रतिभा दगडातून उठून ओवीत जाऊन बसली, असं मला गंगाखेडच्या जनाबाईच्या देवळात उभं राहिल्यावर दर वेळी वाटतं.

पुढची सहाशे वर्षं बहामनी, निजामशाही, मोगल, मग हैदराबादचे निजाम. कंधारच्या किल्ल्यात कमानी चढल्या. अहिल्याबाई होळकरांनी औंढ्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाच्या खालच्या अंगाचे जुने कोरीव थर आणि वरची नंतरची बांधणी, असे दोन काळ तिथे एकमेकांवर बसलेले दिसतात. पडलेल्या देवळांचे दगड मात्र गावाने वापरले. खांब घराच्या उंबऱ्याला गेला, शिळा धुणं धुवायला गेली, वीरगळ मारुतीच्या पाराशी उभा राहिला आणि त्याला शेंदूर लागला. युकातानमध्ये इसामालचा मठ असाच मायांच्या मनोऱ्याचे दगड काढून, त्याच्याच जोत्यावर उभारला आहे. फरक एवढा की तिथे ते पाद्र्यांनी जाणूनबुजून केलं, इथे गरजेने झालं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो: मायांची नगरं बघायला जग जातं, मग हे दगड बघायला कुणी का जात नाही? 1839 मध्ये जॉन लॉइड स्टीव्हन्स हा अमेरिकन वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार होंडुरासच्या रानात शिरले. झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं कोपान त्यांनी पाहिलं. स्टीव्हन्सने ती जागा जमीनमालकाकडून पन्नास डॉलरला घेतली. 1841 मध्ये त्याचं प्रवासवर्णन कॅथरवुडच्या चित्रांसह आलं आणि जगभर गाजलं. वाचकांना त्यात भुरळ घातली ती जंगलाने. हरवलेलं नगर, पडदा दूर सारणारा गोरा प्रवासी. अजिंठ्याचंही तेच झालं. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि निजामाच्या राज्यातल्या एका दरीचं नाव युरोपात पोचलं. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यासाठी आयुष्य वेचलं आणि फार मोठं काम करून ठेवलं.

धारासूरवर जंगल चढलं नाही. चारठाणा कधी ओस पडलं नाही. माणसं त्या दगडांमध्येच राहिली, त्यांवर गोवऱ्या थापत, जनावरं बांधत, दिवा लावत. जे हरवलं नाही ते कुणाला सापडणार कसं? त्यामुळे या मुलखाला शोधकर्ता मिळाला नाही, शोधाची गोष्ट मिळाली नाही, आणि गोष्ट नाही म्हणून प्रवासी नाही. खरं तर मायाही कुठे हरवले नव्हते. त्यांच्या भाषा बोलणारे लाखो लोक आज ग्वाटेमालात, युकातानात, चियापासमध्ये शेती करतात, मका पेरतात. स्टीव्हन्सची वाट झाडं तोडून मोकळी करणारे मजूर तिथलेच होते. पण त्यांनी पाहिलेलं पाहिलं म्हणून कुणी धरलं नाही.

अलीकडे थोडं चित्र पालटतं आहे. वालूरच्या लोकांनी श्रमदान करून गाळात बुडालेली बारव मोकळी केली, जिल्ह्यात इतरही बारवा उपसल्या गेल्या. धारासूरच्या देवळाच्या जतनाचं काम राज्याच्या पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं. मात्र बऱ्याच गावांत जीर्णोद्धार म्हणजे कोरीव दगडावर तैलरंग आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी, अशी समजूत आहे. सातशे वर्षं उन्हापावसाने केलं नाही एवढं नुकसान एका उत्साही वर्गणीतून होतं. गावकऱ्यांची श्रद्धा खरी असते, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं अवघड. पण घातला पाहिजे.

जायचं असेल तर दोन-तीन दिवस काढून जा. गंगाखेडला जनाबाईचं दर्शन घ्या, धारासूरला सकाळच्या उन्हात भिंतीभोवती एक फेरी मारा, मुदगलला गोदावरीच्या पात्रातच उभं असलेलं देऊळ बघा. उत्तरेला वालूर, चारठाणा, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, येलदरीचं धरण आणि हिंगोली जिल्ह्यातलं औंढा असा एक दिवस जाईल. 1999 पर्यंत हिंगोलीही परभणीचाच भाग होती. दुसऱ्या बाजूला अंबाजोगाई, तिथे हत्तीखाना लेणी, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी. लक्ष्मीच्या लेखाची चौकशी आधी करून ठेवा, नाहीतर आद्यकवी मुकुंदराजांच्या गर्दीत ती राहून जाते. बारवेत उतरताना चपला वर काढा, खाली शेवाळ असतं. दगडाला खडूने, चुन्याने, नखानेसुद्धा काही करू नका.

आणि शक्य असेल तर नवरात्राच्या मागेपुढे जा. पाऊस सरलेला असतो, बारवांना पाणी असतं, आणि राणीसावरगावच्या बाजूच्या माळांवर सीताफळं उतरायला सुरुवात झालेली असते.